तोंडी परवानगी

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला सांगावं लागलं नाही, तिनं तिच्या कानानं ऐकलं होतं — ती गोष्ट वेगळी. पण तोंड उघडून, माझ्या आवाजात, मी हे एकदाही बोललेलो नाही. भावाला नाही, वकिलाला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू, मलाही नीट कळत नाही. ऐका, बस.

जालन्यात मस्तगडला भांड्यांच्या दुकानावरच्या माडीत माझा क्लास आहे. भरतीची तयारी करणारी पोरंपोरी येतात. पोलीस, तलाठी, वनरक्षक, जे निघेल ते. मूळचा मी जाफराबादकडचा. शेती भाऊ बघतो, मी शिकवतो. गणित आणि बुद्धिमत्ता हे माझे विषय, आणि त्यावरचं माझं एक पुस्तक आहे. तुमच्या घरात कुणी भरतीला बसत असेल तर ते पुस्तक तुमच्याकडं असेलही. आता बऱ्यापैकी खपतं ते.

तेव्हा खपत नव्हतं. मी स्वतःच छापून घेतलं होतं आणि गठ्ठे जिन्याखाली पडून होते. आणि आता सांगायलाच बसलोय तर हेही सांगतो — त्यातली निम्मी गणितं माझी नव्हती. मोठ्या शहरांतल्या मोठ्या लेखकांची पुस्तकं मी टोरेंटवरून उतरवून घेतली होती, फुकट, रांगेनं. आकडे बदलले, आंब्यांच्या जागी मोसंबी घातली, मुंबईची रेल्वे काढून भोकरदनची एसटी घातली, झालं माझं गणित. मला कुणी विचारलं नाही. विचारणार कोण? टोरेंटवरून कोण काय उतरवतो, कुणाला दिसतं?

तर कैलास. भोकरदनकडच्या धावड्याचा. क्लासमध्ये मागच्या बाकावर बसायचा, पण उत्तर पहिलं त्याचं यायचं. घरची मेंढरं होती. वडील पूर्वी चारणीला दूर दूर जायचे, नंतर गावातच थोडी शेती आणि मेंढरांचं लहानसं खांड राहिलं. कैलासनं स्वतःच शिकून एक वेबसाइट काढली होती. ज्यांना जालन्याला क्लासला येणं जमत नाही अशा खेड्यातल्या पोरांसाठी. जुने पेपर, नोट्स, त्यानं स्वतः सोडवलेली गणितं. साधीच होती. खाली मात्र त्याचं पूर्ण नाव, गाव आणि मोबाइल नंबर. मी त्याला म्हणालो होतो, नंबर कशाला रे टाकतोस? तर म्हणाला, "कुनाला अडलं तर फोन करता यावा ना सर."

एक दिवस क्लास सुटल्यावर तो मागे थांबला. आमचं घर क्लासच्या मागच्याच खोल्यांत. मीनानं, माझ्या बायकोनं, चहा केला होता. कप हातात धरून तो कितीतरी वेळ तसाच उभा. मग म्हणाला, "सर, तुमचं पुस्तक आपल्या साइटवर टाकू का? तुमी न्हाई म्हनले तर बिलकुल न्हाई टाकत."

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. माझं पुस्तक कुणाला हवंय, इतकं हवंय की पोरगं परवानगी मागतंय — काय सांगू, छाती फुगली. "टाक की," म्हणालो. "पोरं वाचतील, माझंच नाव होईल." एवढ्यावर थांबलो नाही. त्याचा पेनड्राइव्ह घेतला, क्लासच्या कॉम्प्युटरला लावला आणि छापखान्याला दिलेली मूळ फाईल माझ्या हातानं त्यात टाकून दिली. मीना दारातून म्हणाली, "नीट नाव घाल रे सरांचं." तो हसला. पुस्तकाखाली त्यानं लिहिलं — सरांच्या परवानगीने.

लिहून ना त्यानं काही घेतलं, ना मी काही दिलं. गुरू-शिष्यांत कसला कागद?

पुढं पुस्तकाचं नाव झालं, हे खरं. कैलासच्या साइटमुळं झालं, हेही खरं. खेड्यापाड्यांतून फोन यायला लागले. मग पुस्तक चॅनेलांवर दिसायला लागलं. ते मोबाइलवरचे चॅनेल ठाऊक असतील तुम्हाला — लाखालाखानं पोरं, अ‍ॅडमिनच्या जागी वाघाचं नाहीतर तिरंग्याचं चित्र, नाव नाही, गाव नाही. तिथली फाईल कैलासची नव्हती, हे मी पाहताक्षणी ओळखलं. कुणीतरी छापील पुस्तक मांडीवर धरून मोबाइलनं पानापानाचे फोटो काढले होते. पानांच्या कडेला अंगठा दिसायचा. नखाला मेंदी लावलेला अंगठा. कैलासची फाईल स्वच्छ होती, मी दिलेली.

आणि कॉलेजजवळची झेरॉक्सची दुकानं? ती तर माझं पुस्तक स्पायरल लावून विकत होती. त्यांना मी काही बोललो नाही. माझ्या क्लासच्या जाहिराती त्यांच्याच काउंटरवर असायच्या ना.

मग एका मोठ्या प्रकाशकाचा फोन आला. पुस्तक आवडलं होतं, नव्यानं छापणार होते, राज्यभर पोचवणार होते. पण म्हणाले, तुमचं पुस्तक नेटवर फुकट फिरतंय, त्याचा आधी बंदोबस्त करा. काहीतरी कारवाई झाल्याचं दाखवा, मग पुढं बोलू.

कारवाई. मला तो शब्द आवडला, हे कबूल करतो.

पोलीस ठाण्यात गेलो. तिथला साहेब शांत माणूस होता. मी मोबाइलवर त्याला सगळं दाखवलं. चॅनेल दाखवले, टोरेंटवरही पुस्तक चढलेलं दाखवलं. तो म्हणाला, "सर, या चॅनेलचा अ‍ॅडमिन कुठं बसलाय, देवाला ठाऊक. कंपनीला पत्र लिहू, उत्तर आलं तर आलं. टोरेंटला तर मालकच न्हाई, कुनाला धरावं? एक बंद केलं की दुसरं निघतं." मग बोटानं स्क्रीन सरकवता सरकवता कैलासच्या साइटवर थांबला. "हे बघा. हितं नाव हाये, गाव हाये, नंबरबी हाये."

त्या क्षणी मला बोलता आलं असतं. आलं असतं ना? साहेब, याला सोडा, यानं मला विचारून टाकलंय. एवढंच. किती सोपं वाक्य आहे. मी गप्प बसलो. साहेबानंच विचारलं, "पन यानं तर लिहिलंय, सरांच्या परवानगीनं."

मी म्हणालो, "ते त्यानं मनानंच लिहिलं."

"मंग मूळ फाईल त्याच्याकडं आली कशी?"

आता परत फिरायला जागा नव्हती. होती, पण मी फिरलो नाही. म्हणालो, "क्लासच्या कॉम्प्युटरवरून काढून घेतली असेल. पोरांचं येणंजाणं असतं."

असेल, म्हणालो. घेतली, असं म्हणालो नाही. घरी येताना या एका शब्दाचा मला आधार वाटत होता. तक्रारीत उतरेपर्यंत त्या 'असेल'चं 'आहे' झालं होतं, आणि खाली माझी सही होती.

तुम्ही म्हणाल, एक फोन केला असता तर? केला असता तर तो म्हणाला असता, "बराबर हाये सर, काढतो," आणि काढलंही असतं. मी हे तेव्हाही जाणून होतो. पण मला पुस्तक काढून घ्यायचं नव्हतंच. मला कारवाई हवी होती, दाखवायला. आणि कारवाई होण्यासारखा माणूस माझ्या ओळखीत एकच होता. ज्यानं विचारलं, तो.

पोलीस धावड्याला गेले. लॅपटॉप आणि मोबाइल घेऊन आले. त्याच दिवशी कैलासनं दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून मला फोन केला. आवाजात राग नव्हता, गोंधळ होता. "सर, कायतरी गल्लत झाली. तुमी म्हनल्यावरच टाकलं ना आपुन? जरा साहेबांना सांगता का?" मी म्हणालो, क्लास चालू आहे, नंतर बोलू. क्लास चालू नव्हता. मी खिडकीत उभा होतो. नंतर त्याचे आणखी फोन आले, मग यायचे थांबले. ज्यांच्या फोनवरून त्यानं फोन केला ते नंबर माझ्या मोबाइलमध्ये ब्लॉक केलेले आहेत.

प्रकाशकाला मी गुन्ह्याची नक्कल पाठवली. पुस्तक आलं. चांगल्या कागदावर, रंगीत कव्हर. चॅनेलांवर पुढच्याच महिन्यात नवी आवृत्तीही आली, तीही अंगठ्यासकट. तिकडं कुणी पाहिलं नाही. मीही नाही. वेबसाइट तेवढी बंद झाली. धावड्याच्या, जवळपासच्या वाड्यावस्त्यांच्या पोरांची सोय गेली, झालं.

आणि याच सगळ्यात पोलीस भरतीचा निकाल लागला. कैलासची निवड झाली होती. मैदानी, लेखी, सगळं पार. गावात स्टँडवर त्याचा फोटो लावून अभिनंदनाचा मोठा फलक लागला, असं क्लासमधल्या धावड्याच्या एका मुलीनं मला सांगितलं. तिला बाकीचं ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, चारित्र्य पडताळणी म्हणजे काय. मीच शिकवतो ना पोरांना — अंगावर गुन्हा नको, भांडणात पडू नका, कुठं सही करू नका. पडताळणीत चोरीचा गुन्हा निघाला. त्याला रुजू करून घेतलं नाही. फलक त्याच्या वडिलांनीच उतरवला म्हणे.

इथवर आलं की वाटतं, झालं सगळं सांगून. मनाशी मी नेहमी इथंच थांबतो. पोलिसांपुढं खोटं बोललो, एका पोराची नोकरी गेली — हे वाईट आहे, पण असं वाईट पुष्कळ लोक करतात, असं काहीतरी मला म्हणता येतं. पण मला जे सांगायचंय ते हे नाही. ते पुढं आहे.

त्याचे वडील आले होते. एकटेच. कैलासला न सांगता.

दुपारची वेळ होती, क्लास रिकामा. जिन्यावर काठीचा आवाज आला. वर आले ते धाप लागलेले, डोक्याला तांबडा पटका, पायातल्या वहाणा दाराबाहेर काढलेल्या. मी खुर्ची पुढं केली तर ते पोरांच्या बाकावर, अगदी कडेला बसले. मला वाटलं, हात जोडतील, तक्रार मागं घ्या म्हणतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं — आता माझ्या हातात काही नाही, कायद्याचं काम आहे.

त्यांनी तसलं काही मागितलं नाही.

म्हणाले, "गुरुजी, मला त्या कंप्युटरचं काई कळत न्हाई. नोकरी गेली तं गेली, नशिबात नव्हती. पन पोरगं म्हनतं, सरांनीच देल्तं. अन् तुमी म्हनता, चोरलं. आमच्या घरात आजवर कुनी दुसऱ्याचं मेंढरू वळवून आनलं न्हाई. मला येवढंच सांगा. पोरगं खोटं बोलतं का?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुमी शिकवलं त्याला. तुमी सांगाल ते खरं."

तिथं पोलीस नव्हते. प्रकाशक नव्हता. कागद नव्हता, सही नव्हती. त्या म्हाताऱ्या माणसाला खरं सांगून माझं काय बिघडलं असतं? त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बाहेर जाऊन सांगितलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं. त्यांना केसचं काही नको होतं. त्यांना फक्त आपलं पोरगं परत हवं होतं.

मी म्हणालो, "हो. खोटं बोलतो तो."

का म्हणालो? किती वेळा विचारलंय मी हे स्वतःला. भीती होती, हो. पण भीती एवढी नव्हती. ते मला गुरुजी म्हणाले होते — सांगाल ते खरं, म्हणाले होते. त्या नजरेतून उतरायचं मला जमलं नाही. त्यांच्या मुलाला त्या नजरेतून उतरवणं जमलं.

ते उठले. रडले नाहीत, ओरडले नाहीत. "बरं झालं सांगितलं," म्हणाले. दारापर्यंत गेले आणि मागं वळून मला नमस्कार केला. माझ्या पाया पडायला वाकले होते, मीच त्यांना धरलं. माझ्या हाताला त्यांच्या खांद्याची हाडं लागली.

आतल्या खोलीत मीना होती. जिन्यावरचा आवाज खाली गेल्यावर ती बाहेर आली. हातात पाण्याचा तांब्या तसाच भरलेला. म्हणाली, "अहो, त्या दिवशी मी हितंच उभी होते." बस, एवढंच. भांडली नाही. पण आमच्या घरात त्यानंतर एक गोष्ट झाली. पुस्तक नव्यानं छापून आलं की पहिली प्रत ती देवापुढं ठेवायची, ते तिनं सोडलं. मीही कधी विचारलं नाही.

कैलास घरातून निघाला. काढला, असंही म्हणता येईल. वडील त्याच्याशी बोलेनासे झाले होते. एका ताटात जेवणारे बापलेक, एका छपराखाली मुके. तो जालन्यालाच आला, लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर लागला. एकाच गावात होतो आम्ही. बाजारात एकदा पाठमोरा दिसला होता, मी गल्ली बदलली.

केस चालू आहे. तारखा पडतात. मला अजून साक्षीला बोलावलेलं नाही. बोलावलं की मी काय सांगेन? जे सहीवर आहे तेच सांगेन, असं मला वाटतं. मला स्वतःची एवढी ओळख आता आहे.

मागच्या उन्हाळ्यात त्या धावड्याच्या मुलीनं सुट्टी मागितली. गावात मयत आहे, म्हणाली. कुणाची, ते तिनं सांगितलं.

मी दहाव्यानंतर गेलो. का गेलो, विचारू नका. भोकरदनपर्यंत एसटी, पुढं जीप. घर शोधावं लागलं नाही, स्टँडवरच्या माणसानं बोट दाखवलं. कैलास दारातच होता, डोकं मुंडलेलं, पूर्वीपेक्षा काळा पडलेला. मला बघून क्षणभर थांबला. मग आत जाऊन सतरंजी आणली, टाकली. "बसा सर."

पाणी दिलं. चहा सांगितला. शेजारची दोन माणसं बसली होती, त्यांना म्हणाला, "आमचे सर हायेत, जालन्याचे." ती माणसं उठून गेल्यावर आम्ही दोघंच राहिलो. आवारात मेंढरं नव्हती, नुसती वाघूर होती, मेंढरं कोंडायची जाळी, गुंडाळून भिंतीशी ठेवलेली.

तो म्हणाला, "आबा शेवटपर्यंत बोलले न्हाईत माह्याशी. दवाखान्यात मी पाय दाबून राह्यलो, तं पाय वढून घेतले त्यांनी." हे त्यानं माझ्याकडं न बघता सांगितलं. जरा वेळानं म्हणाला, "नोकरीचं मला काई न्हाई, सर. त्येचं काई न्हाई."

मी तिथं बोलू शकत होतो. सांगण्यासारखं एकच माणूस उरलं होतं आणि ते समोर बसलं होतं. आणि त्याला कुठं सांगायची गरज होती — त्याला तर सगळं आधीपासून माहीतच होतं. आबा एकदा जालन्याला येऊन गेले होते हे तरी त्याला ठाऊक असेल का? कळालं असेल? मी विचारलं नाही. चहा पिऊन टाकला. कप कुठं ठेवावा ते कळेना, तर त्यानं हातातून घेतला.

"येतो," म्हणालो.

तो स्टँडपर्यंत सोडायला आला. न बोलता, माझ्या अर्धं पाऊल मागं, क्लासमध्ये असताना चालायचा तसा. जीप भरत आली होती, मागं माणसं दाटीनं बसलेली. त्यानं ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन सांगितलं, "दादा, सरांना पुढं बसवा. लांब जायचंय त्यांना."

पुढच्या सीटवर एक बाई लेकराला घेऊन बसली होती. ड्रायव्हरनं तिला उठवून मागं पाठवलं.

मी पुढं बसलो.